मालकाने ताके मोजावेत की उधारी?

आपल्या छोट्या व्यापाऱ्याची एक सवय असते. दुकान त्यानेच उघडायचे, माल त्यानेच मोजायचा, बिल त्यानेच करायचे आणि रात्री कुलूपही त्यानेच लावायचे. याला आपण मेहनत म्हणतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत आलो. मालेगावात ग्रे कापडाची आमची लहानशी पेढी आहे. यंत्रमागवाल्यांकडून ताके घ्यायचे व बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना उधारीवर विकायचे, हा आमचा धंदा. या मेहनतीची किंमत आम्हाला 2019 साली कळली.

आमचे एक जुने गिऱ्हाईक 60 दिवसांत पैसे देत असे. पुढे ते 90 दिवसांवर गेले. मग जुन्या बिलापोटी थोडी रक्कम पाठवून नवा माल मागू लागले. खातेवहीत सारे स्पष्ट होते, पण वही पाहायला आम्हाला फुरसत कोठे? आम्ही गोदामात ताके मोजत होतो. दिवाणजींनी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा आम्ही ‘उद्या पाहू’ म्हणालो. अखेर त्या गिऱ्हाइकाने दुकान बंद केले आणि आमचे 4 लाख 80 हजार रुपये बुडाले. गोदामात मात्र एकही ताका कमी भरला नव्हता!

वेळेचा रोजमेळ

मग आम्ही आठ दिवस आपल्या वेळेचा रोजमेळ लिहिला. मोजणी, बिले, टेम्पोवाल्याशी घासाघीस, आल्यागेल्याबरोबर चहा यांतच दिवस संपत होता. वसुलीच्या नावावर आठवड्यात जेमतेम दोन तास निघाले.

त्यावरून आम्ही कामांचे तीन भाग केले. पहिला भाग फक्त मालकाचा: खरेदीचा भाव ठरवणे, कोणाला किती उधार द्यायचे ते ठरवणे आणि वसुली. दुसरा भाग शिकवल्यास दुसरा करील असा: मोजणी, बिल, माल रवाना करणे, जीएसटीचे कागद. तिसरा भाग कोणीच केला नाही तरी चालेल असा. एकच बिल आम्ही तीन वह्यांत उतरवत होतो!

45 दिवसांचा प्रश्न

आता तर कायद्यानेही मालकाला खातेवहीजवळ बसवले आहे. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसल्यास 15 दिवसांत द्यावेत, असा 2006 चा कायदा आहे. 1 एप्रिल 2024 पासून त्याला प्राप्तिकराची जोड मिळाली. मुदत टळली तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरली जात नाही. आपल्या विक्रीच्या वसुलीसाठी मात्र व्यापाऱ्याला या मुदतीचा आधार नाही. म्हणजे मागवाल्याला 45 दिवसांत द्यायचे आणि आपले 90 दिवसांनी यायचे. मधला दीड महिना कसा निभावायचा, हे दिवाणजी किंवा कर सल्लागार ठरवू शकत नाही. ते मालकाचेच काम आहे.

हातचे काम सोडणे सोपे नसते. मोजणी पुतण्याकडे दिली आणि पहिल्याच महिन्यात दोन ताक्यांचा फरक आला. पुन्हा गोदामात जाऊन बसावेसे वाटले. पण दोन ताके कोठे आणि 4 लाख 80 हजार कोठे? आम्ही इतकेच ठरवले की दहा गाठींतील कोणतीही एक गाठ आपण उघडून पाहायची. फरक थांबला.

आता सकाळचा पहिला तास खातेवहीचा. दिवाणजी 45 दिवसांवरची येणी वाचून दाखवतात. 60 दिवस उलटलेल्यास जुनी बाकी चुकती केल्याशिवाय नवा ताका नाही. शुक्रवारी बाजार बंद, म्हणून गुरुवारी संध्याकाळी आठवड्याच्या वसुलीचा मेळ घालतो. या नियमामुळे दोन गिऱ्हाइके तुटली. वाईट वाटले, पण त्यांची बाकी आधीच वसूल झाली होती.

व्यापारी बांधवांनी आठ दिवस आपला रोजमेळ लिहून पाहावा. गल्ल्याचा हिशेब आपण रोज करतोच, आपल्या वेळेचाही एकदा करावा.