कानातला रातकिडा

गणपती, नवरात्र, जयंत्या, लग्नसराई. मिरवणूक झाली की पुढच्या दोन-तीन दिवसांत दवाखान्यात एक ठरलेली तक्रार येते. "डॉक्टर, कानात शिट्टी वाजतेय." अशाच एका मंडळाच्या कार्यकर्त्याला मी परवा जरा रागावलो, तर तो म्हणाला, "सर, तुम्ही कधी स्पीकरपुढे नाचला नाही, तुम्हाला काय कळणार?" वाचकहो, त्या मुलाला जे सांगितले नाही ते आज येथे कबूल करतो. मी नाचलो आहे. तेही पन्नाशीला टेकलेला असताना, मुंबईकडे जाऊन, तिकीट काढून.

१९८७ साली मी सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालो. त्याच वर्षी आयर्लंडच्या ‘यू टू’ या बँडची ‘द जोशुआ ट्री’ ही ध्वनिफीत निघाली होती. होस्टेलवर एकाच्या टेपरेकॉर्डरवर ती इतकी वाजली की शेवटी फीत बाहेर यायची आणि आम्ही पेन्सिल घालून ती गुंडाळायचो. ॲनाटॉमीची हाडे पाठ झाली ती त्या गाण्यांबरोबर. तेच चौघे, एकही माणूस न बदलता, १५ डिसेंबर २०१९ रोजी भारतात प्रथमच गाणार होते, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आणि तीच ध्वनिफीत सगळीच्या सगळी वाजवणार होते! पुतण्या नेरूळलाच राहतो. त्याने तिकिटे काढली आणि मी दोन दिवस दवाखाना बंद ठेवला.

सुरुवातीला एकटा ड्रमर चालत आला. १९७६ साली डब्लिनच्या शाळेत ज्याने फळ्यावर चिठ्ठी लावून ही मुले जमवली, तोच हा. चौघेही साठीच्या उंबरठ्यावर. आमच्याकडे त्या वयाचा माणूस गुडघे धरून बाकावर बसलेला असतो. हे मात्र दोन तासांहून अधिक वेळ वाजवत, गात होते. शेवटी ए. आर. रहमानही मंचावर आले. पुतण्या म्हणाला, "काका, पुढे जाऊ या," आणि आम्ही गर्दीतून सरकत एका स्पीकरच्या भिंतीजवळ पोचलो. छातीचा पिंजरा थरथरत होता. खरे सांगतो, मला फार आनंद झाला होता. डोळ्यांत पाणीही आले.

बाहेर पडल्यावर पुतण्या काहीतरी विचारत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते. आवाज मात्र कापसाच्या गादीआडून आल्यासारखा. रात्री दिवा मालवला आणि कानात रातकिडा सुरू झाला. एकसारखा, न थांबता. कूस बदलली, पंखा मोठा केला, तरी तो होताच. पहाटे तीन वाजता मला आमच्या पूर्वभागातला एक यंत्रमाग कामगार आठवला.

हे मामा पंचवीस वर्षे चादरीच्या मागांवर होते. चार-पाच वर्षांपूर्वी ते मला म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब, रात्री माग बंद असतो, पण डोक्यात चालूच असतो. झोप लागत नाही." मी कानात बॅटरी टाकून पाहिले, मळ नव्हता. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणालो, "मामा, लक्ष देऊ नका." लक्ष देऊ नका! त्या रात्री मी स्वतःला तेच सांगून पाहिले.

आपल्या आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात केसासारखे तंतू असलेल्या सुमारे १५,००० पेशी असतात. ध्वनीच्या लाटेने हे तंतू डोलतात आणि मेंदूला संदेश जातो. मोठ्या आवाजात ते वाऱ्याने ज्वारी लोळावी तसे आडवे होतात. एखाद्या दिवसात पुष्कळसे उभे राहतात, म्हणून शिट्टी थांबते आणि आपण म्हणतो, झाले बरे. पण काही पेशी मरतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही.

हिशेब असा आहे. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढता येतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे, आणि रॉकची मैफल किंवा मिरवणुकीचा डीजे साधारण तिथेच किंवा त्याच्या वर असतो. मोजायला यंत्र लागत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर समजा मर्यादा ओलांडली. मागाच्या शेडमध्ये तर कानाशी तोंड न्यावे लागते.

खुद्द वाजवणाऱ्यांनाही हे चुकलेले नाही. ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडचे कान गेल्याचे जगजाहीर आहे. २०१६ साली ‘एसी/डीसी’च्या ब्रायन जॉन्सनला डॉक्टरांनी दौरा थांबवायला लावला, नाहीतर पूर्ण बहिरा होशील म्हणून. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या त्याच मैदानावर गाऊन गेलेल्या ‘कोल्डप्ले’च्या ख्रिस मार्टिनच्या कानातही हा रातकिडा आहे. तो आता कानाला संरक्षण लावूनच गातो.

तेव्हा गाण्याला जरूर जा, मिरवणुकीलाही जा. स्पीकरपासून लांब राहा, मधूनमधून बाहेर येऊन कानांना विश्रांती द्या. कापसाचा बोळा निरुपयोगी. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. गाणे ऐकू येतेच. तान्ह्या मुलांना स्पीकरजवळ मुळीच नेऊ नका. शिट्टी दोन दिवसांत गेली नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र दोन दिवसही थांबू नका. त्याच दिवशी जा. त्यावरचे उपचार पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर लाभण्याची शक्यता जास्त. तेल घालत बसू नका.

सोमवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो. मंगळवारी सकाळी रातकिडा थांबलेला होता. पहिल्याच आजीच्या छातीतली बारीक करकर स्टेथोस्कोपमधून स्वच्छ ऐकू आली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सामान्य डॉक्टरचा संसारच कानावर चालतो.

त्या आठवड्यात मी मामांना बोलावून घेतले आणि श्रवणचाचणीला पाठवले. आलेख वरच्या स्वरांकडे कड्यासारखा खाली गेलेला. म्हणूनच त्यांना आवाज यायचा, पण स, श, फ ही अक्षरे गळायची आणि घरचे म्हणायचे, म्हातारा मुद्दाम ऐकत नाही. श्रवणयंत्र मिळाले. ते मामा फारसे लावत नाहीत. गोंगाटच मोठा होतो म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. रक्तदाबासाठी ते दर महिन्याला येतात. मी आता लिहीत लिहीत बोलत नाही. पेन खाली ठेवतो, खुर्ची त्यांच्या समोर घेतो आणि माझे ओठ दिसतील असे सावकाश बोलतो.