सहलीत खासगी बोट ठरवताना

शिक्षक-पालक मित्रांनो, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना समुद्राचं भारी आकर्षण. सहल मालवणला गेली की मालवणहून कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला, देवबागहून त्सुनामी बेट. ग्रुप मोठा असला की अख्खी बोटच भाड्याने ठरवतात. तेव्हा भाड्याच्या आधी बोटीची क्षमता विचारा.

हिशोब चौथीच्या भागाकाराचा आहे. ४५ विद्यार्थी आणि ५ शिक्षक, म्हणजे ५० जण. बोटीची क्षमता २० असेल, तर ५० ÷ २० = २, बाकी १०. ही बाकी दोन बोटींत कोंबायची नाही. तिसरी बोट लागतेच. प्रत्येक बोटीत एक तरी शिक्षक हवा.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सगळ्यांच्या अंगावर लाईफ जॅकेटही नव्हते.

म्हणून परवाना पाहा, प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचं जॅकेट घाला, चढताना-उतरताना हजेरी घ्या. पावसाळ्यात ही सफर नकोच. बोटवाला "बसतात हो सगळे" म्हणाला, तरी नाही म्हणायची जबाबदारी आपलीच आहे.