सुरी लागल्यावर रक्त थांबते कसे?

मासे साफ करताना सुरी बोटाला लागते. बोट नळाखाली धरून चिंधीने दाबले की काही मिनिटांत रक्त थांबते. रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना मात्र जास्त वेळ दाबावे लागते. मग मनात येते, रक्त फारच पातळ झाले की काय?

अ‍ॅस्पिरिनने रक्त पातळ होत नाही. ती काम करते प्लेटलेटवर. मराठीत यांना बिंबाणू म्हणतात, हिब्रूत तासियोत. कुपत होलीमच्या रक्ततपासणीत पी.एल.टी. या अक्षरांपुढचा आकडा त्यांचाच. साधारण १५० ते ४५० असावा, आणि ते हजार समजायचे. म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख! हाडांच्या मगजात त्या तयार होतात आणि सात ते दहा दिवस जगतात. रक्त थांबविण्यातले त्यांचे काम १८८२ साली इटलीच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी दाखविले.

एरवी त्या गुळगुळीत चकतीसारख्या रक्ताबरोबर वाहतात. रक्तवाहिनी कापली की तिच्या भिंतीतले कोलॅजन उघडे पडते. प्लेटलेट त्याला चिकटते आणि जागी होते. तिचा आकार बदलतो, अंगातून काटे फुटल्यासारखे फाटे निघतात. पोटातली रसायने ती बाहेर टाकते. त्यांतले थ्रॉम्बॉक्सेन हे जणू शेजाऱ्यांना मारलेली हाक. बाकीच्या धावतात, फायब्रिनोजेनच्या दोऱ्यांनी एकमेकींना धरतात आणि भोक बुजवतात. नंतर त्यांच्याच पृष्ठभागावर थ्रॉम्बिन तयार होऊन फायब्रिनचे पक्के जाळे विणले जाते.

हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फाटला तरी प्लेटलेट असेच करतात. त्यांना बोट काय नि हृदय काय! तिथे गुठळी झाली की झटका. अ‍ॅस्पिरिन ती हाक बंद करते, आणि प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला ती पुन्हा सुरू करता येत नाही. गोळी घेतलेल्या प्लेटलेट मरेपर्यंत मुक्याच राहतात. म्हणून आज गोळी चुकवून उद्या दात काढल्याने रक्तस्रावात फारसा फरक पडत नाही. उलट स्टेंट बसविलेल्यांनी आपल्या मनाने गोळी थांबविणे फार धोक्याचे. दाताच्या डॉक्टरांना आधी सांगावे. पुष्कळदा गोळी चालू ठेवूनच दात काढतात. शौचाला डांबरासारखे काळे झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आणि दात काढल्यावर कापसाचा बोळा घट्ट चावून धरावा. रक्त थांबले का म्हणून सारखा उचलून पाहू नये. कोवळे जाळे त्याबरोबर निघून येते.