संगणकाचा द्वारपाल

१६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्राचा दहावीचा निकाल लागला आणि विद्यार्थ्यांच्या गर्दीने संकेतस्थळे बंद पडली. असा प्रसंग टळावा म्हणून सर्व्हरवर आधी कृत्रिम गर्दी सोडून त्याची परीक्षा घेतात. परंतु कित्येकदा सर्व्हर निवांत असतो आणि खोळंबा दाराशीच होतो!

सुरतेच्या जुन्या तटाला जसा दिल्ली दरवाजा, तशी सर्व्हरला 'फायरवॉल'. हा द्वारपाल प्रत्येक जोडणीची वहीत नोंद ठेवतो. वही भरली की नवागतास परतवतो. म्हणून परीक्षा दोनदा घ्यावी : एकदा दारातून, एकदा तटाच्या आतून. आतून काम सुरळीत चालले, तर वही तपासावी. ती भरली असल्यास मोठी करावी, जुन्या नोंदी लवकर पुसाव्यात. द्वारपालास मात्र हटवू नये. आपले गुण त्याच्याच पहाऱ्यात सुरक्षित असतात.