दोन महाकल्पांच्या सीमेवरचा दख्खन

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. त्यांपैकी गेल्या सुमारे ५४ कोटी वर्षांचे भूशास्त्राने जे विभाग केले आहेत ते समान लांबीचे नाहीत. खडकांच्या थरांतील जीवाश्म, म्हणजे दगडात टिकून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष, जेथे ठळकपणे बदलतात, तेथे बहुधा या विभागांच्या सीमा आखल्या गेल्या. जॉन फिलिप्स या इंग्रज भूशास्त्रज्ञाने १८४१ साली याच आधारे पुराजीव, मध्यजीव आणि नवजीव हे महाकल्प मांडले, तेव्हा खडकांचे वय वर्षांत काढण्याची विश्वासार्ह पद्धत नव्हती; किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या क्षयावरून वय ठरवण्याची पद्धत विसाव्या शतकात आली आणि त्या सीमांना आकडे मिळाले.

मध्यजीव महाकल्पाचा शेवटचा विभाग असलेला क्रिटेशियस कल्प ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला आणि पक्ष्यांचा वंश सोडता सारे डायनासोर नाहीसे झाले. या सीमेवरील मातीच्या पातळ थरात इरिडियम हा पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ असलेला धातू विपुल आढळल्यामुळे लुई आणि वॉल्टर अल्वारेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली लघुग्रहाच्या आघाताचा सिद्धांत मांडला, आणि पुढे मेक्सिकोतील चिक्शुलूब येथील गाडले गेलेले प्रचंड विवर त्या आघाताची खूण म्हणून ओळखले गेले.

याच सीमेच्या अलीकडे-पलीकडे दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर साचत होते आणि त्यांतूनच सह्याद्रीचा काळा कातळ घडला. दोन उद्रेकांमधील शांत काळात तळी तयार होत, त्यांच्या गाळावर पुढचा लाव्हा पसरे, आणि अशा रीतीने लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. नागपूरजवळच्या टाकळी येथील अशा थरांतील जीवाश्म स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोळा केले. विदर्भात काही ठिकाणी लाव्हाच्या खाली लॅमेटा थर आहेत आणि त्यांत डायनासोरांचे अवशेष मिळतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे याच लॅमेटा थरांत डायनासोरांची मानली जाणारी अश्मीभूत विष्ठा सापडते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात फायटोलिथ, म्हणजे वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकेचे सूक्ष्म कण, शोधले आणि त्यांतील काही कण गवताचे असल्याचे २००५ साली दाखवून दिले. गवताचा विस्तार डायनासोरांच्या अंतानंतर, नवजीव महाकल्पात झाला, अशी तोवरची समजूत होती. पिसदुऱ्याच्या पुराव्यामुळे गवताच्या अनेक शाखा क्रिटेशियस संपण्यापूर्वीच वेगळ्या झाल्याचे स्पष्ट झाले.

दख्खनच्या उद्रेकांतून बाहेर पडलेल्या वायूंचा त्या महाविनाशात किती वाटा होता, यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही, आणि या वादाच्या निर्णयासाठी लागणारा बराच पुरावा आपल्याच मातीत आहे. खाणकाम, बांधकाम वा जीवाश्मांच्या बेसुमार वेचणीने असा थर एकदा नष्ट झाला, तर तो पुन्हा घडवता येत नाही. म्हणूनच गडकिल्ल्यांना जे संरक्षण मिळते, तेच टाकळी-पिसदुऱ्यासारख्या स्थळांनाही मिळाले पाहिजे.