जुन्या जीपच्या मागच्या आंसाचे नट-बोल्ट

पुष्कळ शेतकरी बंधूंच्या घरीं जुनी जीप आजही कामांत आहे. चिखलाच्या वाटेनें खत नेणें, माल बाजारांत पोंचविणें, यांस ती अजून उपयोगी पडते. अशा गाडीचें काम पुष्कळदां अडतें तें मागच्या आंसाच्या, म्हणजे मिस्त्री ज्यास ॲक्सल म्हणतात त्याच्या, लहानसहान सामानावांचून. दुकानदार म्हणतो, "आतां हें मिळत नाहीं, पण हा बसेल." या 'बसेल' शब्दापासून सावध राहावें, इतकेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

आम्हीं स्वतः त्याचें मोल दिलें आहे. आमच्या जीपच्या मागच्या उजव्या चाकाचे पांचांपैकीं तीन बोल्ट झिजले होते. एका दुकानांतून नवे आणिले. जुने नट त्यांवर हातानेंच सरसर फिरले, म्हणून आम्हांस समाधान वाटलें. सुमारें महिन्यानें बाजारांत कांदा उतरवून परत येत असतां मागून ठकठक ऐकूं आली. उतरून पाहतों तों त्या तिन्ही बोल्टांचे आटे खरडून नट गळून पडलेले, व चाक उरलेल्या दोन बोल्टांवर डुलत असलेलें. गाडींत घरचीं दोन मुलें होतीं. वेग बेताचा होता म्हणूनच निभावलें.

दोष कोठें होता तो सांगतों. जीप ही मूळची अमेरिकन गाडी. विलिस कंपनीची सीजे-३बी ही जात तेथें १९५३ पासून १९६८ पर्यंत तयार होत असे, व महिंद्रा कंपनीनें परवान्यानें ती आपल्या देशांत बांधिली. तिच्या चाकाचे बोल्ट अर्ध्या इंचाचे, इंचास २० आटे असलेले. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं, व आज दुकानांतील बहुतेक माल मिलिमीटरचा असतो. त्यांत १२ मिलिमीटर जाडीचा व सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा बोल्ट सहज मिळतो. सव्वा मिलिमीटर अंतर म्हणजे इंचास सुमारें २०.३ आटे. म्हणून अर्ध्या इंचाचा नट त्यावर सुखानें चढतो. परंतु अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. जाडींतील एवढ्या फरकानें आटे एकमेकांस टोंकांनींच धरितात, व भार पडतां पडतां खरडून जातात.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. एकर-गुंठ्यांचें क्षेत्र हेक्टर-आरांत लिहितांना 'साधारण तितकेंच' म्हणून भागविलें, तर पुढें बांधाचा तंटा उभा राहतो. बोल्टाचेंही तसेंच आहे. बसतो तो खरा नव्हे. मोजणींत उतरतो तो खरा.

मोजणी अशी करावी. जुना बोल्ट रॉकेलनें धुऊन पुसावा व न झिजलेल्या भागाची जाडी व्हर्नियरनें पाहावी. अर्ध्या इंचाचा बोल्ट साडेबारा मिलिमीटरांच्या आसपास भरतो. १२ मिलिमीटरचा बोल्ट १२ च्या वर जात नाहीं. नंतर त्याचे आटे कोऱ्या कागदावर दाबून एक इंचांत उमटलेल्या रेघा मोजाव्या. अर्ध्या इंचाच्या बोल्टास २० रेघा आल्या तर तो अमेरिकन बारीक आट्याचा, १३ आल्या तर अमेरिकन जाड आट्याचा समजावा. १६ किंवा १२ आल्यास तो जुन्या ब्रिटिश मापाचा असून जीपचा नव्हे. नुसत्या रेघांवर विसंबूं नये. आमची फसगत त्यामुळेंच होते. जाडी व रेघा दोन्ही जुळल्या पाहिजेत. शिवाय कित्येक जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांस उलटे आटे असतात, हें विसरूं नये.

मागचा आंसही दोन जातींचा असतो. १९४१ ते १९४५ च्या लष्करी जीपमध्यें गाडीचा भार आंसाच्या नळीवर असतो; आंतला दांडा मोडला तरी चाक जागीं राहतें. सीजे-३बीमध्यें दांड्याचें टोंक निमुळतें असून त्यावर हब चावीनें बसतें व नट आणि स्प्लिट पिन त्यास धरून ठेवितात. येथें नट सुटला किंवा दांडा मोडला तर ड्रमासकट चाक निघून जातें. म्हणून दुकानांत नुसतें 'जीपचें सामान' न मागतां जात सांगावी. निमुळता भाग स्वच्छ व कोरडा असावा. ओढ त्या घट्ट बसलेल्या भागावर पडते. नट ढिला राहिला तर ती चावीवर येऊन चावी तुटते व तिची खांच बिघडते. पिनेचें भोक जुळत नसल्यास नट आणखी आंवळावा, मागें कधींही फिरवूं नये. पिन दर वेळीं नवी घालावी.

सामान कोठें शोधावें? इंची नट-बोल्टांसाठीं मुंबईची नागदेवी स्ट्रीट, मोटारीच्या भागांसाठीं पुण्याची नाना पेठ व दिल्लीचा काश्मिरी दरवाजा, तसेंच जुन्या जीपा नव्यानें बांधणारें हरियाणांतील मंडी डबवाली हीं ठिकाणें प्रसिद्ध आहेत. जातांना जुना बोल्ट व त्याचा नट बरोबर न्यावा. वाशर किंवा चावी कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणीं लेथवर करून घेतां येते. परंतु चाकाचा बोल्ट मिळेल त्या गजांतून कातून घेऊं नये. त्याचें पोलाद व त्यास दिलेलें पाणी हींच त्याची ताकद होय.

आमचें हब अखेर पांचही धड बोल्टांसह मिळालें तें शेजारगांवच्या एका मोडक्या जीपच्या आंसावरून. आठवडाभरांत तो भंगारांत जाणार होता. यास्तव सभासदांस विनंति आहे कीं, गाडी मोडीत काढतांना आंस वजनावर विकूं नये. तो तेल लावून कोरड्या जागीं ठेवावा व शेजाऱ्यांस कळवावें. लोखंडाचे चार पैसे येतील, पण त्यांनीं कोणाचें चाक जागीं राहणार नाहीं.