वाशिष्ठी नदी व दाभोळ बंदर

वाशिष्ठी नदी : महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील एक पश्चिमवाहिनी नदी. लांबी सु. ७० किमी. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावून ती चिपळूण शहरावरून वाहत जाते. खेडकडून येणारी जगबुडी ही तिची प्रमुख उपनदी. दाभोळजवळ ती अरबी समुद्रास मिळते. चिपळूणलगतच्या गोवळकोटपर्यंत भरतीचे पाणी चढत असल्याने खालच्या टप्प्यास दाभोळची खाडी म्हणतात.

मुखाच्या उत्तर काठावर दाभोळ (ता. दापोली) वसले आहे, दक्षिणेस अंजनवेलचा गोपाळगड आहे. खाडीतून चिपळूणपर्यंत गलबते व तेथून घाटवाटांनी देशावर बैलांचे तांडे, या सोयीमुळे बहमनी व आदिलशाही काळात दाभोळ भरभराटीस आले. अरबस्तान व इराणी आखातातून येथे घोडे येत, तर कापड व मसाल्याचे पदार्थ बाहेर जात. मक्केच्या यात्रेकरूंचेही हे बंदर होते. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेईदा याने डिसेंबर १५०८ मध्ये ते लुटून जाळले. १६६०च्या सुमारास शिवाजी महाराजांनी ते घेतले. समुद्रकाठची आदिलशाही मशीद गतवैभवाची साक्ष देते.

मुखाशी साचणारा वाळूचा दांडा, वाढता गाळ आणि मुंबईचा उदय यांमुळे बंदराचे महत्त्व ओसरले. शिंदखेडा (जि. धुळे) तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या तापीच्या मुखाशीही असेच घडले, मोठी जहाजे सुरतेस न येता सुवाळीस नांगर टाकीत. आज दाभोळ हे मासेमारीचे गाव असून, येथून पलीकडील धोपावे येथे फेरीबोट जाते.

कोयना प्रकल्पात वीज निर्माण केल्यानंतरचे पाणी १९६२ पासून वाशिष्ठीत सोडले जाते. मूळचे कृष्णा खोऱ्यातील हे पाणी उन्हाळ्यातही नदी वाहती ठेवते. मात्र पात्र उथळ झाले असताना अतिवृष्टी व भरती एकाच वेळी आल्यास पाण्यास वाट उरत नाही. २००५ व २२ जुलै २०२१ च्या महापुरांत चिपळूणची मोठी हानी झाली. त्यानंतर गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. लोटे-परशुराम औद्योगिक क्षेत्रातील सांडपाण्यामुळे खाडीतील मासळीवर होणारा परिणाम, हाही कोळी समाजाच्या उपजीविकेचा प्रश्न आहे. ज्या गाळाने बंदराची वाट अडविली, तोच आज वरच्या शहरास पुराचा धोका निर्माण करतो. म्हणून उगमापासून मुखापर्यंत नदीचा एकत्रित विचार होणे आवश्यक ठरते.